संपवलेल्या रहस्यमालेत एक कथा घुसवताना: माझा अनुभव

कथा तेरा दिवसांत लिहून झाली. त्याआधी जुन्या पाच कादंबऱ्यांच्या फायली वाचण्याजोग्या करण्यात सात आठवडे गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही. पुढे सल्ल्यापेक्षा चिडचिड जास्त वाटली तर सांभाळून घ्या.

मालिका कोल्हापुरातल्या एका फौजदारांची. पाचव्या पुस्तकात ते निवृत्त झाले, ठाण्याच्या आवारात शाल-नारळ झाला, फेटा बांधला, विषय संपला. आता दिवाळी अंकासाठी त्यांचीच ३००० शब्दांची कथा हवी होती. अशा वेळी रहस्याआधी काळाचा प्रश्न येतो. गोष्ट शेवटच्या पुस्तकानंतरची ठेवायची की मधल्या एखाद्या फटीतली? अगदी अलीकडची ठेवली तर कायदाच बदललेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या खुनाला ३०२ लावता येत नाही, तिथे कलम १०३ येतं. 'तीनशे दोन' म्हटल्यावर बसतो तसा दणका 'एकशे तीन'ला यायला बराच काळ जाईल. म्हणून फट शोधायची ठरवली.

फट शोधायची तर आपण काय काय लिहून ठेवलंय ते नेमकं कळायला हवं. इथेच गाडी रुतली.

आमच्या पुस्तकांची जुळणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालेली, म्हणजे आता सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या. फाईल उघडली की मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर 'फौजदार'च्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविराम. शब्द शोधायची सोय नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये नेणारा प्रोग्रॅम म्हणजे कन्व्हर्टर. डीटीपीवाला म्हणाला, "सर, कन्व्हर्टर मारला की होतंय सगळं."

होतंय, पण कसं ते बघा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार काना-मात्रेच्याही नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. कन्व्हर्टरनं हा क्रम फिरवायचा असतो. आमच्या फायलीत तो निम्म्या ठिकाणी फिरलाच नाही. 'वर्दी'ची 'वदीर्', 'खर्च'चा 'खचर्', 'मार्केट यार्ड'चं 'माकेर्ट याडर्'. प्रकरणांची शीर्षकं दुसऱ्याच फॉन्टमध्ये होती, त्यांचा नुसता चिवडा.

दुरुस्तीचा क्रम मला उशिरा सापडला. एकेक प्रकरण वेगळं घ्या, सबंध पुस्तक एकदम नको. आधी 'र्' आणि लगेच मोकळी जागा अशी जोडी शोधा. मराठी शब्द सहसा पाय मोडलेल्या र वर संपत नाही, म्हणजे जे सापडेल ते बिघडलेलंच. मग मोकळ्या जागेनंतर लगेच आलेली वेलांटी शोधा. 'र्य'ला मात्र 'सगळे बदला'चं बटण दाबू नका. 'दुसर्या'चं 'दुसऱ्या' करायच्या घाईत मी ते दाबलं आणि पाच पुस्तकांतला प्रत्येक सूर्य 'सूऱ्य' होऊन उगवला. शिवाय हा 'ऱ्य' दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना सारखाच, शोधणाऱ्या यंत्राला वेगळा. एक पद्धत धरा आणि सगळीकडे तीच करा. 'पोलिस' आणि 'पोलीस'चंही तेच.

एवढं करूनही घोटाळा झाला. मी 'निरोप' हा शब्द शोधला. पाच पुस्तकांत दोनच ठिकाणी आला, दोन्ही किरकोळ. निरोप समारंभाची तारीख कुठे दिलेली नाही असं समजून मी खुशाल पुढे गेलो. दुसऱ्या पुस्तकात फौजदारांचा जन्म १ जून १९५८ असा आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, आपल्याकडे निम्म्या गावाची असते तशी. राज्याच्या पोलीस दलात निवृत्ती ५८ व्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे ३१ मे २०१६. कथेचा अर्धा मसुदा त्यावर उभा केला. मग छापील प्रत सहज चाळताना पाचव्या पुस्तकात समारंभ दिसला: ३० जून. फायलीत तो शब्द 'िनरोप' असा पडला होता, म्हणून सापडला नव्हता. ते पुस्तक लिहिताना एक तारखेचा नियम मला माहीत नसणार.

तेव्हा छापील पुस्तकं हातात पेन्सिल घेऊन आधी वाचा, फायलीत शोधाशोध नंतर. मी उलटं केलं.

चूक पुस्तकात छापलेली, ती खोडता येत नाही. पण नीट वाचलं तर तिथे समारंभच होता, 'आज नोकरीचा शेवटचा दिवस' असं कुठेही नव्हतं. समारंभ लांबू शकतो. साहेब रजेवर, बंदोबस्त, काहीही. म्हणजे ३१ मे ते ३० जून हा एक महिना फौजदार निवृत्त आहेत, पण निरोप झालेला नाही. हीच फट! या महिन्यात त्यांना पोलीस म्हणून कुणाला अटक करता येत नाही, कुणाचा जबाब नोंदवून घेता येत नाही. पंच म्हणून पंचनाम्यावर सही मात्र करता येते, वस्तीतला प्रतिष्ठित माणूस म्हणून. जन्मभर पंच गोळा करणारा माणूस स्वतः पंच. निवृत्त पोलीस पंच म्हटल्यावर बचावाचा वकील हरकत घेणार, तीही कथेत घेतली.

काळ ठरला की बाकीचं भराभर जुळतं. जून २०१६ म्हणजे जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा चालू, दोन हजाराची अजून यायची. व्हॉट्सॲप आहे, त्यावर व्हिडिओ कॉल नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवावर (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो) बेतलेला माझा लाडका धागा मात्र गेला. तो ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला होतो, जूनमध्ये आणणार कुठून?

३००० शब्दांत संशयित तीनच. चौथा आला की कुणालाच चेहरा उरत नाही. मुख्य दुवा पहिल्या हजार शब्दांत टाका, तोही एखाद्या यादीच्या मधोमध. यादीतला पहिला आणि शेवटचा शब्द लक्षात राहतो. जुन्या पात्राची ओळख चाळीस शब्दांत, आणि ती कृतीतून. मागच्या पुस्तकांतला खुनी कोण हे चुकूनही सांगू नका. पाचव्या पुस्तकात जो जिवंत आहे त्याला इथे मारायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: प्रकाशकाशी झालेलं जुनं करारपत्र काढा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलेलं नसेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षं धरतात. पात्रांवरच्या पुढच्या लेखनाबद्दल एखादं वाक्य आहे का तेही बघा. माझ्या करारात नव्हतं, दहा मिनिटांत काम झालं.

कथा युनिकोडमध्ये पाठवली. महिन्यानं प्रूफ आलं. अंकाची जुळणी अजून जुन्याच फॉन्टमध्ये होते, हे त्यावरूनच कळलं. पहिल्या ओळीत फौजदारांच्या खुंटीवर टांगली होती 'वदीर्'. फोन केला तर उत्तर आलं, "कन्व्हर्टर मारलाय सर, बघून द्या तेवढं." अकरा पानांत एकशे चाळीस खुणा करून प्रूफ परत पाठवलं. तुम्ही पाठवताना कथेसोबत पीडीएफ जोडा, आणि जुळणी कशात होते ते आधीच विचारून घ्या.