हो, विकते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘लेकीचे लहान झालेले कपडे विकतेस? इतके चांगले आहेत, देऊन का नाही टाकत?’ हे गेल्या काही वर्षांत मला नणंदेने विचारलंय, मावसबहिणीने विचारलंय, लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय. सूर एकच, की पैशाची एवढी काय नड आहे? नड नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाच-सहा जोड टाकते, त्याचे मिळून सात-आठशे येतात, आणि त्यात पुढच्या मापाची एक बरी जीन्सही बसत नाही. तेव्हा लोभाचा मुद्दा बाजूला ठेवा. अगदी सगळाच नको. अडीचशेला लावलेला जाळीचा फ्रॉक कुणी ‘दोनशेला देता का’ म्हणालं की माझं डोकं फिरतं, हे खरं आहे.

आईचं म्हणणं वेगळं. लेकराच्या अंगावरचं विकू नये. आणि द्यायचं तर मिठाच्या पाण्यातून काढून, तेही ओळखीत. पण बाळाला पहिलं झबलं दुसऱ्या मुलाचं वापरून मऊ झालेलं घालायचं, हेही तिचंच शास्त्र. माझ्या लेकीला पहिलं झबलं मामेभावाचं घातलं. बोरन्हाणाचं काळं झबलं आमच्याकडे तीन पोरांच्या अंगावरून फिरून आलंय, हलव्याच्या दागिन्यांचे चिकट डाग गळ्याशी अजून आहेत. कुंच्या, दुपटी, लंगोट सगळं असंच. अगदीच विरलेलं गोधडीत गेलं. त्याला आमच्यात कुणी कधी दान म्हटलं नाही. उद्या घेणारीचंही मूल मोठं होईल आणि पिशवी उलट्या दिशेने येईल, हे दोघींनाही माहीत असतं.

‘दुसऱ्यासाठी राहू दे’ हे सासूबाईंचं. त्यावर मी बोलणार नाही.

अडचण घराबाहेर सुरू होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा सोसायटीने टेम्पो भरला. मीही दोन पिशव्या दिल्या. कपडे निवडायला पार्किंगमध्ये बसलो तेव्हा एकेक बाहेर पडायला लागलं. एका पायाचा मोजा. चेन तुटलेली पँट. शाळेचा बिल्ला लावलेला गणवेश. कुणाचा तरी पोहण्याचा पोशाख, महापुरात! आम्ही हसलो. मग माझीच पिशवी उघडली आणि त्यातून आंब्याचे डाग पडलेली चार झबली निघाली. घरी मी ती पायपुसण्यालाही वापरली नसती. ती काढून मी गुपचूप खाली सरकवली आणि हसण्यात पुन्हा सामील झाले.

पण मी विकायला लागले ते त्यामुळे नाही. तिथून फक्त धुऊन, इस्त्री करून द्यायला शिकले. धुतलं, इस्त्री केली की दान चोख झालं, असं मला दोनेक वर्षं वाटत होतं.

आमच्याकडे तेव्हा धुण्याभांड्याला एक ताई यायच्या. त्यांची मुलगी माझ्या लेकीपेक्षा वर्षाने लहान. मी मनाशी गणित मांडून टाकलं: आपलं लहान झालं की तिला बरोबर होणार. दिवाळीच्या आधी अकरा कपडे दिले. इस्त्रीचे, सुतळीने बांधलेले. त्यात आईने शिवलेलं खणाचं परकर-पोलकं होतं. लाल खण, हिरवे काठ, पोलक्याला आतून मऊ मलमलचं अस्तर, पुढे वाढवता यावं म्हणून परकराच्या घेराला तीन बोटं दाब धरलेली. ते देताना मला जड गेलं. आणि जड गेलं म्हणून आपण जास्तच चांगले आहोत, असंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात दूध घेऊन येत होते. बसस्टॉपच्या पलीकडे भिंतीच्या सावलीत बोहारीण बसलेली, समोर भांडी, बाजूला गाठोडं. तिच्यासमोर ताई. आणि बोहारणीच्या हातात ते परकर-पोलकं. ती काखेची शिवण ताणून बघत होती, मग उलटं करून अस्तर. ‘बारक्यांच्या कपड्याचं काय येत नाय,’ म्हणाली. ‘पँटी आन, साडी आन, जरीची आन.’ ताईंच्या मांडीवर दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता.

मी तशीच पुढे गेले असते तर हा लेख झाला नसता. मी रस्ता ओलांडला.

‘अहो ताई, हे मी तुमच्या मुलीला घालायला दिलं होतं.’

हे वाक्य मी कसं म्हटलं ते मला नीट आठवतं. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. मी ते दुखावल्यासारखं म्हटलं, आणि बोहारणीकडे बघून म्हटलं, जणू साक्षीला. बोहारीण मुरलेली. म्हणाली, ‘न्या की बाई परत. डबा हितं ठिवा.’

ताई काहीच बोलल्या नाहीत. डबा भांड्यांत ठेवला, कपडे एकेक करून पिशवीत भरले. मी ‘अहो राहू द्या, तसं नाही’ असलं काहीतरी पुटपुटत होते. आजूबाजूचे दोघे-तिघे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या. भांडी घासली. जाताना ओट्यावर गठ्ठा ठेवला, सुतळी माझीच.

‘मोजून घ्या वैनी. अकरा हायेत.’

मी म्हटलं, असं काय करता. तेव्हा त्या बोलल्या, एवढंच: ‘माझी पोरगी तुमच्या पोरीपेक्षा दणकट हाय. पोलकं दंडातच अडकलं. तिला बालवाडीत न्यायला डबा पायजे होता. दिलं म्हंजे माझं झालं, असं वाटलं मला.’

वर्षभर त्या आमच्याकडे येत होत्या. मी त्यांच्या मुलीचं वय विचारलं होतं, माप नाही. दीड महिन्याने त्यांनी काम सोडलं. कारण दुसरंच सांगितलं, लांब पडतं म्हणून. मीही ते कारण मान्य केलं. नवा डबा आणून द्यावा असं मनात आलं होतं. पण मग तो कशाचा डबा झाला असता? दिला नाही.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, तुझं चुकलं काय? आईच्या हातचं होतं, वाईट वाटणारच. वाटलं, ठीक. मग तिथे जाऊन बोललीस कशाला? देताना हात सोडला होतास की नव्हतास? विकलेल्या कपड्याच्या मागे मी कधी गेले नाही. कुणी फ्रॉक नेला, पैसे आले, मग तिने तो घालो, फाडो नाहीतर बोहारणीला देवो. चार पैसे हातात पडले की माझी नजर त्या कपड्यावरून उठते, फुकट दिला की उठत नाही. हा माझा दोष आहे. मी त्याला उपाय म्हणत नाही, पण मला तो एवढाच सापडला.

बोहारीण तरी दुसरं काय करते? तिच्या गाठोड्यातला टाकाऊ माल फार थोडा असतो. कपडे घरी जातात, धुतले जातात, बटणं लागतात, आणि पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मांडले जातात. अगदी गेलेले चिंधी म्हणून गॅरेजवाल्याकडे, ग्रीस पुसायला. लोकरी माल पानिपतला जातो, तिथे पिंजून, सूत काढून त्याची ब्लँकेटं होतात. या साखळीत कुणी कुणाला ‘घे बाई’ म्हणत नाही. शहरातले जुने कपडे खेड्यांत पोचवणारी ‘गूंज’ ही संस्था 1999 पासून चालते. तीही बहुतेक ठिकाणी नुसती वाटत नाही. गावाने विहीर उपसली, रस्ता दुरुस्त केला, तर त्या श्रमाबद्दल कपडे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे मिळालं. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच शंकाही आली. माझ्या अडीचशेच्या फ्रॉकला मॅगसेसेचा आधार कशाला?

बरं, विकण्यानेही सुटलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात वॉचमनच्या बायकोने विचारलं, ‘ताई, ते पिवळं स्वेटर कितीला?’ तोंडावर आलं होतं, घ्या तसंच. ते गिळलं आणि पन्नास म्हणाले. तिने पदराच्या गाठीतून पन्नास काढून दिले. तिचा मुलगा आता थंडीत ते घालून गेटवर खेळतो, ती मला हाक मारून दाखवते, आमचं ठीक चाललंय. ती नोट मात्र मी चार दिवस पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली. मग भाजीला गेली.

नणंदबाई म्हणतील, एवढं सगळं पन्नास रुपयांवरून? हो. तुम्ही दर वेळी विचारता ना.

अकरापैकी दहा कपडे त्याच महिन्यात ग्रुपवर टाकले, तीच माझी पहिली विक्री. दोन दिवसांत गेले. परकर-पोलकं राहिलं. लेकीला ते आता कोपरापर्यंत चढत नाही. घेरातला दाब तसाच आहे, कुणीच उसवला नाही.

गेल्या आठवड्यात संक्रांतीसाठी ग्रुपवर एकीने विचारलं, चार वर्षांच्या मुलीसाठी खणाचं काही आहे का कुणाकडे, पैसे देईन. मी कपाट उघडून बघितलं. मग ‘नाही’ लिहिलं.