आज पाणी कितीवर?

जुलै महिन्यात कोल्हापूरकराला मुंबईत सरकार कुणाचं आहे यापेक्षा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती आहे यात जास्त रस असतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत, पण गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. चहाच्या गाड्यावर कुणी ‘एक्केचाळीस झालं म्हणं’ म्हणालं, की शेजारचा कप खाली ठेवतो. ‘कोण सांगतंय? आत्ता बघून आलोय मी. चाळीस आठ.’ सोनाराच्या काट्यासारखा इंचाइंचाचा हिशेब.

पेपरवाल्याच्या भरवशावर बसायची पद्धतच नाही आमच्याकडं. पाणी बघायला स्वतः जायचं, घरच्या सगळ्यांना घेऊन, शिवाजी पुलाकडं. लेकरू मोटारसायकलच्या टाकीवर, मागं आजी, हातात कणीस. पंचगंगा तांबडीलाल झालेली असते, घाटावरच्या देवळांची नुसती शिखरं वर. मग सुतारवाड्यात पाणी शिरल्याची बातमी येते. तिथली माणसं सामान बांधून बाहेर पडतात, आणि आम्ही त्यांच्यापासून थोड्या अंतरावर कणीस खात उभे असतो. हे बरं दिसत नाही, पण दरसाल घडतं.

त्यातच वरच्या अंगाला राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. तलाव भरला की आपले आपण उघडतात, साहेबाच्या सहीची वाट बघत नाहीत. सात दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. आणि ज्या पाण्यानं इथं पोटात गोळा येतो, तेच खाली नृसिंहवाडीत दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणून लोक त्यात अंघोळीला धावतात.

माझी भाची फ्लोरिडात फोर्ट मायर्सला असते. तिच्यासमोर समुद्रात सॅनिबेल बेट आहे, लाटांनी वाळू लोटून लोटून तयार झालेलं. असली बेटं बहुतेक किनाऱ्याला समांतर असतात, हे आडवं पडलंय, म्हणून शिंपल्यांचा खच येऊन पडतो. जुनोनिया नावाचा एक ठिपक्याठिपक्यांचा शंख तिथं फार दुर्मिळ. तो ज्याला सापडेल त्याचा फोटो स्थानिक पेपरात छापतात. समुद्री कासवं अंडी घालायला येतात त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या घरांना रात्री दिवे झाकावे लागतात, त्याचीही बातमी होते.

‘मामा, इथं शंख सापडला तरी पेपरात फोटो येतो,’ ती म्हणाली.

‘बरं आहे की. शिरोळकडं मगर दिसली की तिचा येतो.’

२८ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळानं सॅनिबेलचा जमिनीशी जोडणारा एकमेव रस्ता ठिकठिकाणी तोडला. ती फोनवर सांगत होती आणि मला सगळं ओळखीचं वाटत होतं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गगनबावड्याचा रस्ता तर त्याआधीच बंद, आणि समुद्र घाटापलीकडं असूनही कोल्हापूरचं बेट झालं. पंपांवर पेट्रोलला रांगा. उपसा केंद्रं बुडालेली, म्हणून चहूकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट.

तिथली वाळू समुद्र हलवतो. इथली माती डंपर हलवतात. पूररेषेत रात्री भराव पडतो, पुढच्या वर्षी त्यावर इमारतीचा फलक लागतो. जुलैत पहिल्या पानावर पाणी असतं. भरावाची बातमी येते जानेवारीत, आतल्या पानावर, एका कॉलमात, वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली. तसलं एक कात्रण मी भाचीला पाठवलं. लगेच उत्तर आलं:

‘मामा, तिथं टू बीएचके कितीला जातोय?’