चौथं मशीन आलं आणि माल दोन तास उशिरा निघाला

रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघतो. तीन व्हीएमसीवर (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन) सकाळी आठला लावलेला सेट रात्री आठला निघायचा. चौथं व्हीएमसी आलं आणि तोच सेट रात्री दहाला निघाला. चाकणचा टेम्पो नऊपासून गेटवर उभा. ऑपरेटर तेच, टूल तीच, ब्रेकडाउन एकही नाही.

बेस प्लेटचं रफिंग, म्हणजे आधीची जाड कापणी, तीन तास. मग क्लॅम्प सोडून प्लेट उलटायची आणि फिनिशिंग, म्हणजे शेवटची बारीक कापणी, आठ तास. चार ब्लॉक एकत्र बांधून फेस करायचे, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायचा, दोन तास. ते झाल्याशिवाय बोअरिंग (भोक मापाला आणणं) नाही, आणि बोअरिंग प्रत्येकी चार तास. शिवाय दोन-दोन तासांचे दोन किरकोळ जॉब. साहेबांचा नियम असा की मोठं काम यादीत शेवटी, आणि मशीन मोकळं झालं की यादीतलं पहिलं तयार काम चढवायचं.

तीन मशीन होती तेव्हा आठला रफिंग आणि दोन किरकोळ जॉब चढायचे, म्हणून फेसिंग दहाला लागायचं. अकराला रफिंग संपायचं तेव्हा ब्लॉक तयारच नसायचे, म्हणून फिनिशिंग लगेच चढायचं. चौथ्या मशीनवर फेसिंग आठलाच लागलं. दहाला तीन ब्लॉक तीन मशीनवर गेले, अकराला प्लेट उतरली तशी तिच्या जागी चौथा ब्लॉक बसला. प्लेट ट्रॉलीवर दोन वाजेपर्यंत पडून! सीनियर ऑपरेटर काका म्हणालेसुद्धा, "आधी हीच घेऊ या का?" पण एकही मशीन रिकामं नाही, याच आनंदात साहेब होते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1966 मध्ये हेच गणिताने दाखवलं होतं. कामांना क्रमाची अट असेल आणि यादीतलं पहिलं तयार काम उचलायचा नियम असेल, तर मशीन वाढवूनही, एवढंच काय, प्रत्येक कामाचा वेळ कमी करूनही शेवट लांबू शकतो.

आता फिनिशिंग मी यादीत वर घेतलंय. अकराला चढतं, सातला उतरतं. चौथा ब्लॉक दोनला लागून सहाला मोकळा होतो. तरी साहेबांनी पाचव्या मशीनचं कोटेशन मागवलंय. रफिंगचे तीन आणि फिनिशिंगचे आठ, हे अकरा तास एकामागून एकच जाणार. पाचवं आणा नाहीतर दहावं, हा सेट सातच्या आत निघायचा नाही. हे त्यांना कसं पटवावं, तेच कळत नाहीये.