हे नाही घातलं तर काय होईल?

आमच्या इमारतीत माझ्यासाठी एक प्रश्न ठरलेला आहे. पुरुष तो आवाज खाली आणून विचारतात, "रोज तुम्हीच करता?" बायका सरळ मुद्द्यावर येतात. "ऑफिस करून जमतं कसं हो? आणि दर वेळी रेसिपीत काहीतरी बदलता, बिघडत नाही का?" (माझी बायको हॉस्पिटलची ड्युटी संपवून, घरी येऊन पोळ्या लाटायची, तेव्हा तिला जमतं कसं हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. असो.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बिघडतं. बऱ्याचदा बिघडतं.

बायको परिचारिका, तिच्या ड्युट्या बदलत्या. मी ठाण्याहून ऐरोलीला जातो, घरात पाऊल पडेपर्यंत सव्वासात होतात. मोठी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा, आणि दोघांच्या पोटातलं घड्याळ आठला वाजतं. म्हणजे हातात पाऊण तास. त्यात आई जळगावकडची आणि माझं सासर रत्नागिरीचं, त्यामुळे एकाच ओट्यावर दोन मुलुखांचे मसाल्याचे डबे.

सुरुवातीला मी आईला फोन करून प्रमाण विचारायचो. मीठ किती? "चवीपुरतं." पाणी? "लागेल तेवढं." किती वेळ परतायचं? "वास येईस्तोवर." कसला वास, ते परतणाऱ्यानं ओळखायचं. वही घेऊन बसलेल्या माणसाची ही चेष्टाच.

मग तो आमटीचा दिवस आला. वेळ वाचवायचा म्हणून तूरडाळ, हळद, हिंग, गूळ आणि मूठभर आमसुलं सगळं एकदमच कुकरात टाकलं. चार शिट्ट्या झाल्या, डाळ टणक. पुन्हा लावला, आणखी चार. तरी डाळ पाण्याखाली वेगळी बसलेली, दाताखाली कचकचणारी. मुलं दहीभात खाऊन झोपली. बायको रात्री आली, तिनं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाली, "आमसूल डाळ शिजल्यावर घालतात. हेही सांगावं लागतं?"

लागतं. कारण ज्यांना येतं त्यांना हे सांगण्यासारखं वाटतच नाही. डाळीच्या दाण्याला एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन असतं. साध्या पाण्यात शिजताना ते सुटत जातं आणि डाळ मऊ होते. पाणी आंबट असलं की ते सुटायला तयार होत नाही. कुकरात पाणी शंभरऐवजी साधारण 120 अंशांना उकळतं, पण आमसुलापुढे त्याचाही जोर कमी पडतो. चिंच, टोमॅटो, सगळ्यांची तीच तऱ्हा.

दुसऱ्या दिवसापासून मी आईला प्रमाण विचारणं सोडलं. नवा प्रश्न धरला: "हे नाही केलं तर काय होईल?"

आईची उत्तरं तीन प्रकारची निघाली. "काही होत नाही" हे पहिलं. "मग ते ते राहत नाही" हे दुसरं. आणि तिसरं, थोडं थांबून, "काय माहीत बाबा, सासूबाई करायच्या."

माझा पाऊण तास त्या पहिल्या उत्तरावर चालतो. शेंगदाणे कढईत मंद आचेवर भाजण्याऐवजी मायक्रोवेव्हमध्ये मिनिट-मिनिट करून भाजले तर? काही होत नाही. तूरडाळ भिजवायची राहिली म्हणून मसूरडाळीला गोडा मसाला लावला तर? काही होत नाही. (बायकोच्या मते होतं, पण ती खाते.) थालीपीठ ओल्या फडक्यावर न थापता दुधाच्या धुतलेल्या पिशवीवर थापलं तर? काही होत नाही. मी आता तेही करत नाही, थेट गार तव्यावरच थापतो. तवे दोन ठेवलेत. एकावर थालीपीठ झाकणाखाली चुरचुरत असतं, तेवढ्यात दुसरा नळाखाली गार करून त्यावर तेल फिरवायचं, गोळा ठेवायचा, ओल्या बोटांनी कडेपर्यंत पसरवायचा, मधे एक आणि भोवती चार भोकं पाडायची. भोकं हे मोठीचं खातं. ती त्यात तेल सोडते, आणि तेल थेंबभर पुरतं यावर तिचा विश्वास नाही.

पण त्या थालीपिठाची भाजणी मात्र दुसऱ्या उत्तरातली. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं. रविवारची सकाळ त्यातच जाते. एकदा मी सगळं एकाच कढईत ओतलं. जिरं काळं पडलं, बाजरी करपली, हरभराडाळ आतून कच्चीच राहिली. दाणा लहान-मोठा, तर वेळही कमी-जास्त, साधी गोष्ट. तरी ती दोन किलो भाजणी संपेपर्यंत घरात कुणी थालीपिठाचं नाव काढलं नाही.

भरताबद्दल आई सगळ्यात कडक. जळगावची ती मोठी, हिरवी-पांढरी वांगी (त्यांना भौगोलिक मानांकनही आहे) थंडीत शेतावर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. तो जाळ मी तिसऱ्या मजल्यावर कुठून आणू? ओव्हनमध्ये करून पाहिलं. वांगं मऊ झालं, पाणी सुटलं, वास शून्य. आईला फोटो पाठवला. "हे उकडलंय," एवढंच उत्तर आलं. आता वांग्याला तेलाचा हात लावतो, सुरीनं दोन-चार टोचे मारतो, नाहीतर ते फुटतं, आणि गॅसवर जाळी ठेवून साल कोळशासारखी होईपर्यंत भाजतो. बर्नर घासायला दहा मिनिटं जातात. ती वाचवता येत नाहीत, कारण वास त्या जळक्या सालीतूनच आत उतरतो.

टोमॅटो घातला तर काय होईल, हेही एकदा विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "घाल. पण भाजी म्हण त्याला."

तिखटाचा तोडगा मात्र तिनंच काढून दिला. मिरच्या-लसूण तेलात परतून ठेचायच्या आधी निम्मं वांगं बाजूला काढायचं. त्यात दही आणि मीठ, ते धाकट्याचं. उरलेल्यात ठेचा, पातीचा कांदा, दाणे, खोबऱ्याचे काप. भांडं एक, जेवणं दोन.

सासूबाईंकडे हा प्रश्न जरा जपून विचारावा लागतो. बांगड्याच्या कालवणात तिरफळं नुसती ठेचून का घालायची, वाटणातच वाटली तर काय होईल, हे न विचारता मी करून मोकळा झालो. कालवण कडवट आणि सगळ्यांच्या जिभा बधिर. धाकटा म्हणाला, "माझं तोंड झोपलंय." सासूबाई हे अजून दर गणपतीत पाहुण्यांना सांगतात.

तिसऱ्या उत्तरातल्या गोष्टी मला सगळ्यात आवडतात. कढी एकाच दिशेनं ढवळायची, ही त्यातली. आईला कारण माहीत नाही. आम्ही घरी तपासलं. मोठीनं उजवीकडे ढवळलं, धाकट्यानं डावीकडे, मग दोघांनी भांडत दोन्हीकडे. कढी तिन्ही वेळा छान झाली. चौथ्यांदा दोघं टीव्हीकडे गेली, मी फोनवर होतो, कढीला उकळी आली आणि ती फुटली. बेसन ताकाला बऱ्यापैकी धरून ठेवतं, पण आच मोठी आणि हात थांबलेला असला की त्याचंही काही चालत नाही. दिशेचा संबंध नसावा. आईला कळवलं तर म्हणाली, "बघ, सांगत होते ना!" तिला यातलं नेमकं काय पटलं ते मी विचारलं नाही.

परवा कारल्याची भाजी केली होती. चिंच-गूळ घालून, काप पातळ करून, सगळी काळजी घेऊन. धाकट्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाबा, हे नाही खाल्लं तर काय होईल?"

मी आजीला फोन लावून दिला.