पृथ्वी वाळत घातली आहे

पहिली पृथ्वी चौथ्या दिवशी वास मारायला लागली. आंबूस, ओल्या फडक्यासारखा वास. थोरलीने एका हाताने नाक धरून ती उचलली, तर खालच्या बाजूला, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या आसपास, करड्या ठिपक्यांची बुरशी. धाकट्याने खूश होऊन विचारलं, "ही झाडं आलीत?"

मूळ बेत साधा होता. पृथ्वी गोल आहे तर भिंतीवरचा नकाशा चौकोनी का, हा प्रश्न थोरलीने (वय साडेसहा) आठवडाभर लावून धरला होता. धाकट्याला (वय तीन) काहीही फाडायला मिळालं की पुरे होतं. तेव्हा कागदाचे कपटे खळीने चिकटवून आपणच एक पृथ्वीगोल करू, शनिवार-रविवारात उरकेल, असं मी घरात जाहीर केलं. बायको फक्त "बरं" म्हणाली. लागले साडेतीन आठवडे. त्यात हाताने केलेलं काम जेमतेम आठ तासांचं असेल. बाकी सगळा वेळ पृथ्वी वाळत होती.

खळ मात्र पहिल्याच फटक्यात जमली. अर्धी वाटी मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, दोन वाट्या पाणी उकळायचं आणि त्यात तो धार धरून ओतत ढवळत राहायचं. दोन-तीन मिनिटांत पांढरा दुधटपणा जाऊन खळ जराशी काचेसारखी दिसायला लागते, तेव्हा गॅस बंद. गार झाली की आणखी घट्ट होते, म्हणून गरम असताना पातळच ठेवायची. न शिजवता नुसतं पीठ पाण्यात कालवूनही चालतं म्हणतात, पण धाकट्याची बोटं दर मिनिटाला तोंडात जातात आणि कच्चं पीठ पोटात जाणं चांगलं नाही. शिजवलेली खळ कपट्याला लागतेही जास्त एकसारखी.

कागद फाडण्याचं खातं धाकट्याकडे. इथे कात्रीची गरजच नसते, उलट ती नकोच. फाडलेली कड विरळ होत जाते आणि खालच्या कागदावर मुरते. कापलेली कड वाळल्यावरही पायरीसारखी उठून दिसते. एक शोध त्याच्यामुळेच लागला. वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळसोट पट्टी निघते, आडवं फाडलं की कागद वाट्टेल तिकडे जातो. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, म्हणून असं होतं. त्याला ते सांगण्यात अर्थ नव्हता. "हा कागद ऐकतो, हा नाही ऐकत" असे त्याने स्वतःच दोन ढीग केले.

पहिल्या गोलासाठी फुगा वापरला, आणि तिथेच चुकलो. फुगा कधी गोल नसतो, तो देठाकडे निमुळता होतो. मी मनाची समजूत घातली की पृथ्वी तरी कुठे पूर्ण गोल आहे, ध्रुवांजवळ चपटीच आहे ना. मग रात्री हिशेब केला. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त, आणि एकूण व्यास १२,७४२ किलोमीटर. फुटबॉलएवढ्या गोलावर हा फरक एक मिलीमीटरही भरत नाही. आमचा फुगा दोन-तीन सेंटीमीटरने लांबोडका होता. म्हणजे समजूत चुकीचीच.

दुसरी चूक घाईची. थोरलीला हात लागला की थांबवत नाही. तिने एका दुपारी चार थर चढवले आणि मीही कौतुकाने बघत बसलो. वरचा थर वाळला, कडक झाला, पण आतला ओलावा तिथेच कोंडला. एका बाजूला रबराचा फुगा, दुसऱ्या बाजूला वाळका कागद, जाणार कुठे? त्यात रोज थोडी हवा जाऊन फुगा आकसत होता, आणि आतून ओला असलेला कागद त्याच्याबरोबर आत बसत होता. चौथ्या दिवशी पृथ्वीला खळगा, सुरकुत्या आणि बुरशी असं सगळंच होतं. बाहेर नेऊन टाकून दिली. फुगा फोडल्यावर रबराचे तुकडे मोजून गोळा केले. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात चिकटून बसू शकतो. हे वाचून माहीत होतं, तरी सुरुवातीला फुगाच आणला होता हे लिहिताना जरा लाज वाटते आहे.

दुसऱ्या खेपेला थोरलीचा फुटबॉल घेतला. पूर्ण मापाचा फुटबॉल, घेर ७० सेंटीमीटरच्या आत-बाहेर. त्यावर आधी स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली, म्हणजे कागद बॉलला चिकटणार नाही. हवा भरायच्या छिद्रावर खूण करून तेवढी जागा उघडी ठेवली. आणि नियम केला: दिवसाला एकच थर. एक दिवस साध्या वर्तमानपत्राचा, दुसऱ्या दिवशी रंगीत पुरवणीचा, असं आलटून पालटून. त्यामुळे कुठे कागद लागला आणि कुठे राहिला ते लगेच दिसायचं. थर झाला की बॉल एका वाडग्यावर ठेवून पंख्याखाली, दर दोन तासांनी फिरवायचा. फिरवण्याची पाळी थोरलीची. "पृथ्वी फिरवून येते" म्हणून ती गृहपाठावरून उठायची.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने मोठ्ठा, जवळजवळ पानाएवढा तुकडा आणून चिकटवला. मधोमध नीट बसला, पण कडेला चुण्याच चुण्या. थोरलीने तळव्याने दाबून पाहिल्या. एक चुणी बसवली की शेजारी दुसरी उठायची. "बाबा, तो बसतच नाहीये." मीही खटपट केली, नाही बसला. मग तोच कागद सोडवून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या, तर प्रत्येक पट्टी मुकाट्याने बसली. ध्रुवांजवळ तर नखाएवढे कपटे लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. ते आलं बऱ्याच दिवसांनी.

सहा थर झाल्यावर दोन दिवस जास्तीचे वाळू दिलं. टिचकी मारली की टणटण वाजायला हवं. थपथप वाजलं तर आत ओल आहे. मग छिद्रात सुई घालून फुटबॉलमधली हवा काढली. बॉल आत मुडपला, कवच जसंच्या तसं उभं. विषुववृत्तावर पेन्सिलने रेघ मारून कटरने कापलं. हे काम मोठ्यांचंच, आणि मुलं झोपल्यावर करण्याचं. आधी हवा काढल्यामुळे पातं बॉलला लागत नाही. नऊ दिवसांनी फुटबॉल परत मिळाला तेव्हा थोरलीने तो खळीचे डाग शोधत उलटसुलट तपासला. सापडला एक.

दोन्ही अर्ध्यांना ध्रुवावर भोक पाडलं, आरपार लाकडी काठी घातली, अर्धे जोडले, जोडावर मास्किंग टेप आणि वरून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. मग सगळ्या गोलावर पांढऱ्या कागदाचा एक थर, नाहीतर रंगाखालून बातम्या वाचता येतात. हे सगळं वाळल्यावर थोरलीने पृथ्वी फिरवायला घेतली आणि आतून खडखड आवाज आला. धाकट्याची छोटी लाल गाडी दोन दिवस सापडत नव्हती. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी पार्क केली." पुन्हा कापायची का यावर चर्चा झाली. नाही कापली. पृथ्वी अजून खडखडते.

आता रेघा. इथे खरी मजा आली. कागदाची एक लांब पट्टी विषुववृत्ताभोवती गुंडाळली आणि जिथे टोकं जुळली तिथे कापली: ७१ सेंटीमीटर. ती पट्टी दुमडून निम्मी, पुन्हा निम्मी, मग तिहेरी घडी. झाले बारा भाग, प्रत्येक भाग तीस अंशांचा, सहा सेंटीमीटरला किंचित कमी. घड्यांच्या खुणा विषुववृत्तावर उतरवल्या की रेखावृत्तांच्या जागा मिळाल्या. आणि तीच पट्टी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत उभी लावली तर बरोबर तीन भाग बसले, म्हणजे तीस आणि साठ अंशांची अक्षवृत्तंही त्याच घड्यांवरून. कोनमापक नाही, भागाकार नाही. थोरलीने ती पट्टी जपून ठेवली आहे.

मग नकाशा समोर धरून खंडं काढायला बसलो. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. थोरलीने त्याच अंदाजाने ऐसपैस ग्रीनलँड काढायला घेतलं आणि अडली. साठ अंशांच्या रेघेच्या वर जागाच नाही! गोलावर रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकींना भेटायला येतात, चौकटींचे निमुळते त्रिकोण होतात. नकाशात मात्र त्या शेवटपर्यंत समांतर उभ्या, आणि वरच्या चौकटी ताणून लांब केलेल्या. रेघांप्रमाणे चौकट-चौकट उतरवलं तेव्हा आमचं ग्रीनलँड पाच सेंटीमीटरच्याही आत आलं आणि आफ्रिका चौदा सेंटीमीटर लांब. क्षेत्रफळात तर आफ्रिका साधारण चौदा पट मोठी आहे. "मग नकाशावाल्यांनी खोटं का काढलं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि धाकट्याचा तो पानाएवढा कागद आठवला. नवीन कागद घेतला, गोलावर ठेवला, दाबला. चुण्या आल्या. "सपाट कागद गोलावर बसत नाही, तसाच गोल कागदावर बसत नाही. बसवायचा तर कुठेतरी चुणी नाहीतर कुठेतरी ताण." आपल्या भिंतीवरच्यासारखा नकाशा मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये केला, तो खलाशांसाठी होता, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर नकाशावर सरळ रेघ मारता यावी, ही त्याची गरज. त्यासाठी त्याने ध्रुवांकडचा भाग ताणला. हे सगळं मी बऱ्यापैकी रंगवून सांगितलं. थोरली म्हणाली, "म्हणजे त्याच्याकडे पट्ट्या नव्हत्या." पृथ्वीगोलावर नकाशा चिकटवणारे कारागीर खरोखरच तो दोन्ही टोकांना निमुळत्या, होडीसारख्या पट्ट्यांवर छापून घेत, हे तिला सांगितल्यावर तिला फार काही वाटलं नाही. तिच्या मते ते उघडच होतं.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी शहाणपणा केला आणि तो अंगाशी आला. पोस्टर कलरने निळा समुद्र, हिरवी-पिवळी जमीन झाली. मग चकाकी यावी म्हणून पाणी घातलेला पांढरा गोंद ब्रशने फिरवला. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने सुटतो. अटलांटिक थेट सहारात शिरला. अॅक्रिलिक रंग एकदा वाळला की सुटत नाही, तो वापरायला हवा होता. डागडुजी त्यानेच केली. डागडुजी चालू असताना धाकट्याने निळ्या बोटांनी ऑस्ट्रेलिया पुसून टाकला. थोरली रडवेली झाली. तिला जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या संग्रहालयातल्या गोलाबद्दल सांगितलं: मार्टिन बेहाइमचा, १४९२ च्या सुमाराचा, आज शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुना पृथ्वीगोल. तोही असाच, थरावर थर चिकटवून दोन अर्ध्यांत केलेला, फक्त कागदाऐवजी तागाचं कापड. आणि त्यावर अमेरिका नाहीच, कारण कोलंबस परतायच्या आत गोल तयार होता. "पण आपल्याला ऑस्ट्रेलिया माहीत आहे ना," ती म्हणाली. बरोबर आहे. ऑस्ट्रेलिया परत काढला.

जाड पुठ्ठ्याचा स्टँड केला, काठी पृथ्वीच्या अक्षासारखी साडेतेवीस अंश कललेली. दोनदा कोसळला, तिसऱ्यांदा तळाला दगड बांधला.

गोल झाल्यावर एक गोष्ट तिने बोटाने शोधली. पॅसिफिकमध्ये एक चुणी राहून गेली आहे, बोटाला स्पष्ट लागते. "हा डोंगर का?" आमच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ५६३ किलोमीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, म्हणजे इथे मिलीमीटरचा सहावा हिस्सा, वर्तमानपत्राच्या दोन-एक कागदांएवढा. ती चुणी एव्हरेस्टच्या कितीतरी पट उंच आहे. मला ती घासून काढायची होती, आता परवानगी नाही.

उरलेल्या खळीत त्याच प्रमाणातला चंद्र केला: चुरगाळलेल्या कागदाचा सहा सेंटीमीटरचा गोळा, एकाच बैठकीत. दोघांना विचारलं, कुठे ठेवायचा? थोरलीने पृथ्वीपासून वीतभर लांब धरला, धाकट्याने पृथ्वीला टेकवला. मग टेप लावून मोजलं. खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, आमच्या मापाने ६.८ मीटर. बैठकीची खोली संपली, दार उघडावं लागलं, आणि चंद्र स्वयंपाकघरात ओट्याच्या पायाशी गेला. थोरली पृथ्वीजवळ उभी राहून बराच वेळ तिकडे बघत होती. "इतका लांब?" एवढंच म्हणाली.

दोन दिवस तो तिथेच होता. मग धाकट्याने त्याला लाथ मारली. सध्या चंद्र सोफ्याखाली आहे.