बारकं म्हणजे लहान नव्हे

सागाच्या रोपवनात विरळणीच्या मार्किंगला, म्हणजे गर्दी कमी करण्यासाठी काढायच्या झाडांवर खुणा करायला, आम्ही पोचलो तेव्हा वनमजुरांनी काही झाडांवर खडूने फुल्या मारूनही ठेवल्या होत्या. सगळी जाडजूड झाडं. त्यांच्यातले वयस्क मामा म्हणाले, "मॅडम, मोठी काढली की बारक्यांना ऊन मिळंल. मग तीबी वाढतील."

बारकं झाड वयाने लहान असतंच असं नाही, हा मुद्दा वनसंवर्धन शिकवताना मी फळ्यावर नेहमी मांडते. पण मामांपुढे फळा काय कामाचा? सुदैवाने शेजारच्या प्रयोगाच्या प्लॉटमध्ये त्याच लागवडीची दोन झाडं अभ्यासासाठी पाडलेली होती, एक जाड आणि एक मनगटाएवढं. दोन्हींच्या चकत्या कापल्या, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला आणि मामांच्या हातात दिल्या.

साग कोरड्या ऋतूत पानं गाळून थांबतो. वाढ पुन्हा सुरू झाली की लाकडात आधी मोठ्या छिद्रांची ओळ तयार होते, म्हणून वर्षवलयं नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. मामांनी नखाने मोजली. "बारक्यात एक कमी हाय," ते लगेच म्हणाले. चकती फिरवून दुसऱ्या बाजूने मोजायला लावलं, तिथे ते वलय सापडलं. दबलेलं झाड एखाद्या वर्षी खोडाच्या काही बाजूंना लाकूड धरतच नाही. (उलट, मधेच ताण पडला तर साग खोटं वलयही दाखवतो, मोजणाऱ्याची परीक्षाच.)

म्हणजे दोन्ही एकाच वयाची. मध्याजवळची, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांची वलयं दोन्हीकडे सारखीच रुंद होती. शेंडे एकमेकांना भिडल्यावर मात्र बारक्याची वलयं चिकटत गेली. सागाला डोक्यावर भरपूर ऊन लागतं. इतकी वर्षं सावलीत दबून शेंडा खुरटला की नंतर जागा मिळूनही तो फारसा सावरत नाही. जाड झाडं काढली असती, तर शर्यत हरलेलीच मागे राहिली असती.

"मग सगळ्या जंगलात असंच?" मामांनी विचारलं. नाही. सावली सोसणाऱ्या जाती वर्षानुवर्षं खाली थांबतात आणि वरचं झाड पडलं की झपाट्याने उंच जातात. तिथे मामांचा हिशेब बऱ्यापैकी खरा.

जुन्या फुल्या पुसून नव्याने मार्किंग सुरू झालं. एका ठिकाणी मामा अडून बसले: जाड झाड बुंध्यापासून दुबेळकं, पसरट शेंड्याचं आणि त्याला टेकलेलं मध्यम झाड सरळसोट, शेंडाही चांगला. मामांचं म्हणणं रास्त होतं. तिथली जाड्यावरची फुली आम्ही तशीच ठेवली.