कामचटकाची लाट आणि आत्याचा चहा

उसाचा सीझन चालू झाला की आमच्या कराडच्या घरासमोरनं रात्रभर ट्रॅक्टर जातात, आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक गेल्या की मांडणीवरच्या पराती किणकिणायला लागतात. आई झोपेतनं उठून कान देते, ट्रॉली का भूकंपाचा धक्का. कोयनेच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाची ही सवय जात नाही. धक्का असला तर जमिनीतनं घुमल्यासारखा आवाज येतो, एक दणका बसतो आणि संपतं. ट्रॉलीची थरथर हळूहळू वाढते, हळूहळू विरते.

30 जुलै 2025 ला आपल्याकडं पहाट असताना रशियात कामचटकाला 8.8 चा भूकंप झाला आणि सकाळीच पाटणहून आत्याचा फोन. "आरं, टीव्हीवर दाखवत्यात, आता आपल्याकडं काय हुतंय का?" 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली तेव्हा आत्या सात वर्षांची होती, आजोबांनी तिला गोधडीसकट अंगणात आणलेलं. तिला नुसतं "घाबरू नको" म्हणून फोन ठेवणं मला जमत नाही, कारण तिचा प्रश्न चांगला आहे. लांबचा भूकंप दुसरीकडची जमीन जागी करतो, हे खरंय. पण जिथं ते सगळ्यात स्वच्छ दिसतं तिथं धक्का बसत नाही, थरथर सुटते, आणि ती माणसाला कळतसुद्धा नाही.

ही थरथर सापडली जपानात. 1995 च्या कोबेच्या भूकंपानंतर त्यांनी देशभर बोअर मारून खाली भूकंपमापक सोडले, त्याच्या नोंदी बघताना काझुशिगे ओबारा या भूकंपशास्त्रज्ञांना बारीक गुरगुर दिसली, ना सुरुवात ना शेवट. एका ठिकाणी दिसली असती तर ट्रक गेला असेल म्हणून सोडून दिली असती (आमच्या आईनं ट्रॉली म्हणून सोडली असती तशीच), पण लांबलांबच्या कितीतरी स्टेशनांवर तीच गुरगुर एकाच वेळी चढत होती, उतरत होती. म्हणजे उगम रस्त्यावर नाही, तीसेक किलोमीटर खाली. 2002 ला त्यांनी हे छापलं. तिथं समुद्राखालची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड मोठा तुकडा, जपानखाली घुसते, सबडक्शन झोन म्हणतात तो, आणि त्या दोन प्लेटांच्या सांध्यात खोलवर ही थरथर चालते.

आता लांबच्या भूकंपाचं. 3 नोव्हेंबर 2002 ला अलास्कात डेनालीला 7.9 चा भूकंप झाला. त्याच्या लाटा जवळपास दोन हजार किलोमीटरवर कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाखालनं गेल्या, तिथंही असाच सांधा आहे. नोंदीत आधी नुसती मोठी संथ लाट दिसते, पण ती गाळून फक्त बारीक कंपनं ठेवली की दिसतं, लाटेनं वरची प्लेट तिच्या सरकायच्या दिशेला ढकलली की थरथर सुरू, लाट उलटी फिरली की बंद, परत ढकलली की परत सुरू. चिखलात रुतलेली ट्रॉली रेटताना प्रत्येक हैश्याला चाक जरासं सरकतं ना, तसंच. डिसेंबर 2004 च्या सुमात्राच्या भूकंपाच्या लाटांनीसुद्धा पाच हजार किलोमीटरवर जपानात हेच केलं, लाटेच्या तालावर थरथर.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो ढकलीचा आकडा. डेनालीच्या लाटेची ढकल साधारण 40 किलोपास्कल, म्हणजे विहिरीत चार मीटर खाली पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढी. आणि त्या सांध्यावर वरच्या खडकाचं वजन त्याच्या वीसपंचवीस हजार पट! मग हलतं कसं? तर पाण्यामुळं. खाली जाणारी प्लेट तापते, तिच्या खनिजांत बांधलेलं पाणी सुटतं, वर यायला वाट नसते म्हणून प्रचंड दाबानं सांध्यातच कोंडतं आणि वरचा भार उचलून धरतं. सांधा इतका निसरडा होतो की बोट लावायचा अवकाश. म्हणून जिथं थरथर एरवीही चालू असते तिथंच ती लांबच्या लाटेनं जागी होते. बऱ्याच वेळा लाट सांध्यावरनं जाते आणि काहीच होत नाही.

कोयनेचं वेगळं. आपल्याखाली असा प्लेटांचा सांधा नाही, आपण प्लेटच्या मधोमध, इथं जुनी भेगाळलेली जमीन आणि वर शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, त्या पाण्याचा भार आणि खाली मुरलेलं पाणी. पाण्याचं नाव दोन्हीकडं येतं, म्हणून दोन्ही एकच समजू नये, हे मी आत्याला दोनदा सांगितलं.

तिला ते पटलं, पण लगेच म्हणाली, "मग ती रशियाची लाट आपल्याकडं आलीच न्हाई म्हण की."

आली होती. भूकंप आपल्या घड्याळात पाचला पाच कमी असताना झाला, अंतर आठेक हजार किलोमीटर, अशा लाटा सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटर जातात, म्हणजे साडेपाचच्या आसपास ती पाटणखालनं गेली. अख्खं घर, गोठा, समोरचा डोंगर, सगळं काही मिलिमीटर वर उचललं गेलं आणि परत खाली आलं, पण इतकं सावकाश, एका हेलकाव्याला वीसेक सेकंद, की कुणाला कळणार. मी विचारलं, साडेपाचला काय करत होतीस?

"चहा ठिवला हुता." जरा थांबून म्हणाली, "कप भरल्याला हुता बघ काठोकाठ. सांडला न्हाई."